ट्रेन घेऊ की कोच? आधी तारीख ठरव

या वेळचं पत्र बर्मिंगहॅमहून आलंय. थोडं काटछाट करून देतेय:

"ताई, मी इथे मास्टर्स करतेय, वय 24. महिन्यातून एकदा लंडनला मावशीकडे जाते. मागच्या शुक्रवारी लेक्चर संपल्यावर सरळ न्यू स्ट्रीट स्टेशनवर गेले, मशीनमधून तिकीट काढलं आणि डोळेच पांढरे झाले. सोमवारी सकाळी सातच्या सुमाराची गाडी पकडून परत आले तर ते तिकीट त्याच्याहून महाग! दोन्ही मिळून माझा आठवड्याचा किराणा गेला. फ्लॅटमेट म्हणते कोचने जा, ट्रेन आपल्यासाठी नाहीच. दुसरी म्हणते रेलकार्ड काढ. तिसरा म्हणतो महिन्यातून एकदा जातेस तर कार्ड कशाला. डिसेंबरात आम्ही चौघं एडिनबराला जायचं म्हणतोय, तेव्हा रात्रीच्या कोचने गेलं तर हॉस्टेलची एक रात्र वाचेल असा एक प्लॅन आहे. आणि मार्चमध्ये आईबाबा हीथ्रोला उतरतायत. आईला फोनवर म्हटलं आपण कोचने येऊ, तर ती म्हणाली, कुठला कोच, एस वन का बी टू? काय करू सांगा."

अगं, आईचं बरोबरच आहे की! आपल्याकडे कोच म्हणजे रेल्वेचा डबा. इथे कोच म्हणजे लांब पल्ल्याची बस, आणि वर गंमत म्हणजे ट्रेनच्या सीट रिझर्वेशनवरही 'कोच सी, सीट 41' असंच छापलेलं असतं, त्यामुळे नवीन माणसाचा घोळ होणारच. मी पहिल्या वर्षी 'कोच स्टेशन' हा शब्द वाचून रेल्वे स्टेशनवरच जाऊन उभी होते, ती कथा पुढे येईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. ट्रेन महाग आणि कोच स्वस्त असं सरसकट नाहीये. इथे एकाच गाडीत शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच प्रवासाचे तिप्पट फरकाने पैसे दिलेले असू शकतात. तू जे पैसे मोजलेस ते 'मी कधी निघेन ते आयत्या वेळी ठरवेन' या सोयीचे होते. तू तर दर महिन्याला जातेस, मावशी कुठे पळून जात नाहीये, मग ती सोय तुला लागतेच कशाला?

तिकिटांचे मुख्य तीन प्रकार. एनीटाइम म्हणजे कधीही, कुठल्याही गाडीने, सगळ्यात महाग. ऑफ-पीक म्हणजे गर्दीची वेळ सोडून. आणि ॲडव्हान्स म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेची तीच एक गाडी, सगळ्यात स्वस्त, पण गाडी चुकली तर तिकीट गेलं, आणि पैसे परत नाहीत. गाडी सुटायच्या आधी वेळ बदलता येते, त्याला फी आणि वर भाड्यातला फरक. सोमवारी सकाळी लंडनच्या युस्टन स्टेशनवरून निघणारी गाडी म्हणजे भर गर्दीची वेळ, म्हणून तुला ते तिकीट जास्त लागलं. रविवारी रात्री निघ किंवा सोमवारी दहाच्या पुढे निघ, लेक्चर बुडत नसेल तर.

ॲडव्हान्स तिकिटं साधारण 12 आठवडे आधी सुटतात. कारण असं की रूळ ज्यांच्या ताब्यात आहेत ती नेटवर्क रेल साधारण तेवढे आधी टाइमटेबल पक्कं करते, मग कंपन्या तिकिटं उघडतात. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात म्हणून वीकेंडची तिकिटं कधीकधी उशिरा येतात, तेव्हा दहा आठवडे आधी बघितलं आणि रविवार दिसला नाही तर घाबरू नकोस, थोडे दिवसांनी परत बघ. स्वस्त तिकिटांचा कोटा असतो, तो संपला की पुढची पायरी, मग त्याच्या पुढची, असं ते चढत जातं. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, काही कंपन्या ॲडव्हान्स तिकीट अगदी त्याच दिवशीसुद्धा विकतात, म्हणून मशीनसमोर उभं राहून हताश होण्याआधी फोनवर एकदा बघायचंच.

आणि इथे वेटिंग लिस्ट नसते हं. ऑफ-पीक किंवा एनीटाइम तिकीट म्हणजे गाडीत चढायचा हक्क, सीटचा नाही. रिझर्वेशन नसेल तर दाराशी बॅगेवर बसून कोव्हेन्ट्री यायची वाट बघायची, आणि तिथे कोणी उतरलं की पटकन आत घुसायचं. ही विद्या आपल्याला शिकवावी लागत नाही.

आता तुझा मार्ग. बर्मिंगहॅम-लंडन हा या देशातला बहुतेक सगळ्यात सोयीचा मार्ग आहे स्वस्तात जायला, कारण तीन कंपन्या आहेत आणि तू बहुतेक सगळ्यात महागडीत बसलीस. न्यू स्ट्रीटवरून अवांतीची गाडी सुमारे दीड तासात युस्टनला नेते. त्याच स्टेशनवरून लंडन नॉर्थवेस्टर्नची गाडी जाते, तीही युस्टनलाच, पण रमतगमत, नॉर्थहॅम्प्टन, मिल्टन कीन्स असं करत, दोन तासांच्या वर लागतात. आणि तिसरी चिल्टर्न, ती मूर स्ट्रीटवरून सुटते, बॅनबरी वगैरे करत लंडनच्याच मॅरिलबोन स्टेशनला पोचते, सुमारे दोन तास. मूर स्ट्रीट न्यू स्ट्रीटपासून पायी पाच-दहा मिनिटं. छोटंसं, जुन्या काळासारखं सजवलेलं स्टेशन आहे, मला ते इतकं आवडतं की नुसतं तिथून निघायला म्हणून मी चिल्टर्न घेते, पण ते माझं खूळ झालं. तुझ्या मावशीचं घर कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस, पण लंडनमध्ये पुढे ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, किती जायचं ते धरून हिशोब कर, नुसतं तिकीट बघू नकोस.

हळू गाडीचं तिकीट स्वस्त असतं, मात्र त्यावर बारीक अक्षरात त्याच कंपनीचं नाव आणि पुढे 'ओन्ली' असं लिहिलेलं असतं. ते वाच. परत वाच. मी एकदा असलं तिकीट घेऊन जलद गाडीत जाऊन बसले, दोन्ही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटांच्या अंतराने, मला काय कळतंय. तिकीट तपासनीस आला, चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या गोड आवाजात मला पूर्ण भावाचं नवीन तिकीट फाडून दिलं की मी थँक यू म्हणाले. त्याने दंड लावला नाही ही मेहेरबानी. इंग्लंडमध्ये पेनल्टी फेअर 100 पौंड आणि वर तिकिटाचे पैसे असा आहे, 21 दिवसांत भरला तर 50.

रेलकार्डाबद्दल तुझ्या त्या तिसऱ्या मित्राला गणित कमी येतं. सोळा ते पंचवीसवाल्या रेलकार्डाला वर्षाचे 35 पौंड पडतात आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. म्हणजे वर्षभरात 105 पौंडांची तिकिटं झाली की कार्ड फिटलं, पुढचं सगळं वाचलं. तू थोड्याच फेऱ्यांत ते फेडशील. तीन वर्षांचं कार्डही मिळतं 80 पौंडाला, पण ते 24 वा वाढदिवस यायच्या आत काढावं लागतं, तेव्हा तुझी ती गाडी सुटली. एक वर्षाचं मात्र 26 वा वाढदिवस यायच्या आदल्या दिवशी जरी काढलंस तरी पूर्ण वर्ष चालतं, हे लक्षात ठेव, मी हे माझ्या भाच्याला सांगितलं आणि त्याने खरंच आदल्या रात्री साडेअकराला काढलं. पुढे 26 ते 30 वाल्यांसाठी वेगळं कार्ड आहे. आणि 26 च्या वरचे, पण फुलटाइम शिकणारे, त्यांनाही सोळा-पंचवीसवालं मिळतं, तुझ्या वर्गात कोणी असेल तर सांग.

दोन पथ्यं आहेत. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळात एक किमान भाडं लागतं, त्याच्या खाली सूट जात नाही, पण ॲडव्हान्स तिकिटांना आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे लागू नाही. दुसरं म्हणजे कार्ड जवळ हवं. कार्ड फोनमध्ये, तिकीट फोनमध्ये आणि फोन झाला बंद, मग तू बिनतिकीट. पॉवरबँक घे गं, हजारदा सांगून झालंय मुलांना.

आणि हे तर कोणी सांगतच नाही: लंडनमध्ये एखाद्या ट्यूब स्टेशनवरच्या माणसाला सांगून हे रेलकार्ड ऑयस्टर कार्डाला, म्हणजे लंडनमध्ये प्रवासासाठी टॅप करायच्या कार्डाला, जोडून घे, मग ऑफ-पीक वेळेत ट्यूबलाही एक तृतीयांश सूट मिळते. दोन मिनिटांचं काम. मात्र मग बँकेचं कार्ड टॅप करायचं नाही, ऑयस्टरच टॅप करायचं, नाहीतर सूट कुठून मिळणार.

परतीचं तिकीट काढताना एक बघ, बऱ्याच मार्गांवर ऑफ-पीक रिटर्न हे सिंगलपेक्षा एखादाच पौंड जास्त असतं, आणि परतीचा भाग महिनाभर चालतो. सगळीकडे नाही, काही कंपन्यांनी रिटर्न बंदच करून टाकलंय. तेव्हा दोन ॲडव्हान्स सिंगल विरुद्ध एक ऑफ-पीक रिटर्न, दोन्ही भाव बघायचे. जायची वेळ नक्की पण यायची नाही असं असेल तर रिटर्न बरं पडतं.

तिकीट कुठून काढायचं? सगळ्यात जास्त जाहिरात करणारं ॲप बहुतेक वेळा बुकिंग फी लावतं. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर फी नसते, आणि अवांतीच्या साइटवर चिल्टर्नचं तिकीट मिळतं, उलटही मिळतं. एवढं कळलं तरी वर्षात दोन कॉफ्या सुटतात.

आता स्प्लिट तिकीट, ज्यावर इथले लोक तासन्‌तास बोलू शकतात. समज तुला बर्मिंगहॅमहून ब्रिस्टलला जायचंय. एक तिकीट काढण्याऐवजी बर्मिंगहॅम ते चेल्टनहॅम आणि चेल्टनहॅम ते ब्रिस्टल अशी दोन काढायची, गाडी तीच, सीटही तीच राहू शकते, उतरायचं नाही, काही नाही, आणि बेरीज कधीकधी कमी भरते. हे पूर्ण कायदेशीर आहे, नियमातच लिहिलंय, अट एवढीच की जिथे तिकीट तोडलंय तिथे गाडी थांबली पाहिजे. का स्वस्त पडतं? कारण इथली भाडी अंतरावर नाही ठरत, वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात ठरवलेली आहेत, त्यामुळे भोकं राहिलीत. स्प्लिट शोधून देणारी ॲप्स आहेत, काही वाचलेल्या पैशातला वाटा घेतात, तो धरूनही परवडत असेल तर घ्यायचं. लंडनच्या तुझ्या फेरीला याची गरज पडणार नाही, एडिनबराला मात्र नक्की बघ.

आता कोच. मी कोचच्या विरोधात नाहीये, माझं अर्धं विद्यार्थीजीवन त्यात गेलंय. नॅशनल एक्स्प्रेस आणि फ्लिक्सबस या दोन तू बघायच्या. बर्मिंगहॅमचं कोच स्टेशन डिगबेथला, लंडनचं व्हिक्टोरियाला, मधे साधारण तीन तास, म्हणजे कागदावर. शुक्रवारी संध्याकाळी मोटरवेवर काय होतं ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हा मावशीकडे रात्री जेवायला पोचायचं असेल तर शुक्रवारी ट्रेन, आणि आयत्या वेळी निघायची पाळी आली, किंवा रविवारी सकाळी काही घाई नाही, तेव्हा कोच. कोचचं भाडंही आधी काढलं तर कमी असतं, पण आयत्या वेळी ट्रेनइतकं अंगावर येत नाही, हा त्याचा खरा फायदा. नॅशनल एक्स्प्रेसचं तरुणांसाठी कोचकार्ड आहे, त्यातही एक तृतीयांश सूट, पण तू रेलकार्ड घेणार असशील तर दोन्ही कार्डं नकोत, वर्षात सात-आठदा कोचने गेलीस तरच विचार कर.

व्हिक्टोरियाची माझी कथा. व्हिक्टोरिया नावाचं ट्यूब स्टेशन आहे, त्याला लागून रेल्वे स्टेशन आहे, आणि कोच स्टेशन यातलं कुठलंच नाही. ते बकिंगहॅम पॅलेस रोडवर, रेल्वे स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. मी पंचवीस किलोची बॅग ओढत रेल्वेच्या बोर्डाखाली उभी, माझी बस काही दिसेना, एका बाईंनी शेवटी हाताने दिशा दाखवली, पळत गेले तर पोचले ती अरायव्हल्सच्या इमारतीत, आणि डिपार्चर्स एलिझाबेथ स्ट्रीट ओलांडून समोर. सिग्नल लाल. आणि समोरून माझी बस वळून निघून गेली, ड्रायव्हरचा चेहरासुद्धा आठवतो. तेव्हा अर्धा तास आधी पोच, आणि बॅगा किती फुकट नेता येतात ते तिकीट काढतानाच बघ.

एडिनबरा. रात्रीच्या कोचचा प्लॅन कागदावर हुशार वाटतो, मी स्पष्ट सांगते, मला पटत नाही. डिसेंबरात तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो. पहाटे सहाला तुम्ही चौघं आखडलेल्या मानेने उतरणार, बाहेर अंधार, थंडी, हॉस्टेलचं चेक-इन दुपारी, मग कॅफे उघडायची वाट बघत बसा, आणि पहिला दिवस पेंगण्यात. वाचलेले पैसे त्या कॅफेत जातात. त्याऐवजी चौघांनी आजच तारीख ठरवा. चौघांकडे रेलकार्ड असेल तर ॲडव्हान्सवर सूट प्रत्येकाला मिळतेच. नसेल तर दोन पर्याय, एक म्हणजे टू टुगेदर रेलकार्ड, दोन ठरलेल्या माणसांनी एकत्र प्रवास करायचा, एकाच कार्डात दोघांना सूट, आठवड्याच्या दिवशी साडेनऊच्या आत मात्र नाही. दुसरा ग्रुपसेव्ह, तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ऑफ-पीकवर एक तृतीयांश कमी, कार्ड काहीच लागत नाही, अनेक कंपन्यांत आहे पण सगळ्यांत नाही. ग्रुपसेव्ह आणि रेलकार्ड एकावर एक लागत नाहीत, नाहीतर आपण फुकटच गेलो असतो.

आणि तारीख निवडताना 25 डिसेंबरला हात लावू नका, त्या दिवशी देशात गाड्याच धावत नाहीत. 24 ला लवकर बंद होतात, 26 ला जवळजवळ नाहीतच. मोठी रुळांची कामंही याच आठवड्यात काढतात, मग तिकीट ट्रेनचं आणि अर्धा प्रवास बदली बसने. तिकीट काढताना गाडीच्या जागी बसचं चित्र दिसलं तर समजून जायचं.

उशीर झाला तर गप्प बसू नका. डिले रिपे म्हणून आहे, बहुतेक कंपन्यांत 15 मिनिटं उशीर झाला तर सिंगल भाड्याचे 25 टक्के, अर्ध्या तासाला 50, तासाला पूर्ण. ॲडव्हान्स तिकिटालाही मिळतं. 28 दिवसांच्या आत मागायचं, फॉर्म ऑनलाइन, तिकिटाचा स्क्रीनशॉट जपून ठेव. आपल्याकडच्या मुलांना वाटतं असं मागणं बरं दिसत नाही. अगं, इथले सूटबूटवाले लोक गाडीत बसल्या-बसल्या भरतात तो फॉर्म.

राहिले आईबाबा. इथे तुझ्या फ्लॅटमेटचं ऐक, कोचच. हीथ्रोहून बर्मिंगहॅमला ट्रेनने यायचं म्हणजे आधी लंडनमध्ये शिरायचं, मग गाडी बदलायची, लांबचा विमानप्रवास करून आलेली माणसं, चार बॅगा, एस्कलेटर. कोच एअरपोर्टच्या सेंट्रल बस स्टेशनवरून थेट डिगबेथला येतो, बॅगा ड्रायव्हर गाडीच्या पोटात टाकतो, झालं. तिकीट मात्र बदलता येणारं घे, थोडे पैसे जास्त पडले तरी, कारण इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नाही. उतरायच्या वेळेच्या पुढे निदान दोन तास सोड.

ते महिनाभर राहणार असतील आणि साठीच्या वर असतील तर दोघांना सीनियर रेलकार्डही परदेशी पासपोर्टवर मिळतं, स्टेशनच्या तिकीट खिडकीवर. दोघं कायम एकत्रच फिरणार असतील तर मात्र दोन सीनियरऐवजी एकच टू टुगेदर घे, निम्म्यात काम, त्याला वयाची अट सोळाच्या वर एवढीच. टू टुगेदरला दोघांचे फोटो लागतात, ते आधीच काढून आणायला सांग.

आणि आईला सांग, या कोचला एस वन, बी टू काही नसतं, टॉयलेट असतं पण अगदी छोटं, आणि सीटबेल्ट लावावा लागतो.